बॉनेट दाबून पाहताना

देवमननं दोन्ही तळवे ठेवले बॉनेटवर,
अंगाचा भार टाकला, सोडला,
आणि ओठांतल्या ओठांत मोजलं.
"तीनदा, नि वरतून थोडं. गेले हे."
माझी लाल पालिओ अजून हलत होती,
होकार देऊन झाल्यावरही
मान डोलवत राहणाऱ्या म्हाताऱ्यासारखी.

मला हे असलं मोजणं कळतं.
मी वणीच्या जिनिंगमध्ये कापूस पाहतो.
बोंडातली चिमूट काढून दोन अंगठ्यांत ओढतो,
भाव तोंडानं सांगायच्या आधी
अंगठ्यांना कळलेला असतो.
म्हणून वाद घातला नाही.
त्यानं चाकाच्या कमानीत टॉर्च धरला:
दांड्यावरून ओघळलेलं तेल,
तेलावर बसलेली रस्त्याची धूळ,
काळी, जाड, निम्मी कोळशाची.

वीस वर्षांची गाडी, माझ्याआधी दोन मालक.
यवतमाळच्या दाताच्या डॉक्टरनं जपली,
त्याच्यानंतरच्यानं ऐटीसाठी स्प्रिंगा कापून
पोट जमिनीला टेकवलं,
आणि मी नुसता ऐकत आलो
पुढच्या डाव्या अंगाचा तो 'टक्'.

गॅरेजात गाडीचीच जुनी सीट बाकासारखी मांडलेली.
तिच्यावर बसून मी मोबाइलवर पिवळे शॉकअप दाखवले,
कोइमतूरहून येणारे, गॅसचे, कडक.
भाव ऐकून देवमननं चहा खाली ठेवला.
नागपूरच्या भंगारात एक जोडी होती म्हणे,
"कमी चाललेली",
हे अर्थात विकणारा सांगतो.
आणि साधे काळे होते, कंपनीच्या मापाचे,
खोक्यावर फक्त नंबर.

माझं मन पिवळ्यांवर.
करंजीच्या पुढे चौपदरी लागतो,
पहाटे साडेपाचला मोकळा असतो,
काटा एकशेवीसवर, आणि वळणात
गाडी जरासुद्धा झुकत नाहीय,
नुसत्या तुरीच्या रांगा झुकताहेत खिडकीत...

"किती डाव जाता तिकडं?"
"महिन्यातून एकदा."
"आन् मारेगाव ते वणी?"

रोज.
काळी माती उन्हाळ्यात फाटते, पावसाळ्यात फुगते,
वरच्या डांबराला सुखानं निजू देत नाही.
मग कोळशाचे ट्रक येतात
आणि उरलेलं सगळं ठरवतात.

"तथी कडक लावले
तं खड्डा थेट तुमच्या मणक्याले विचारते, कसे आहा म्हणून."
"मग नरम लावू?"
"नरम कायले? दबलं तं दबू द्या ना बाप्पा.
वर येतानी धरलं पाह्यजे. कामच थे हाय त्याचं."

उगाच आठवलं,
गेल्या दिवाळीत भावाशी फोनवर बोललो ते.
दबणं जमलं होतं, चांगली दहा मिनिटं.
वर येताना धरलं नाही.

काळे मागवले. एसटीच्या पार्सलनं आले.
"पुढचाच एक बदलू?" मी शेवटची घासाघीस केली.
"जोडीनं. माउंट, रबरं नवी. स्प्रिंगाही मापाच्या.
कापलेल्या स्प्रिंगेवर नवा शॉकअप
सहा महिने टिकला तं नाव बदलतो."

काढलेला दांडा मी हातानं आत ढकलला.
गेला, आणि आतच राहिला.
नवा ढकलला तर तळहाताशी भांडत आत गेला,
सोडल्यावर हळूहळू,
कुणाचीही घाई न मानता बाहेर आला.

गाडी दोन बोटं उंच झाली.
थोडी साधी दिसायला लागली.
वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.
मग बॉनेट मीच दाबलं, अंगठ्यांनी नव्हे, सगळ्या अंगानं.
वर आली. थांबली.
एकदाच.

पुढच्या आठवड्यात हवा भरायला गेलो
तर माझा जुना शॉकअप देवमननं
गॅरेजच्या टिनाच्या फाटकाला लावलेला,
आपोआप हळू बंद व्हावं म्हणून.
माझ्यामागे फाटक धाडकन आदळलं,
झाडावरचे बगळे उडाले.
"पाहा," तो पान्यासकट हसला,
"म्हनून तं बदलले."